फिनलंडचे हवाई दल : उदयापासून पहिल्या कसोटीपर्यंत

लष्करी संस्थांचे इतिहास बहुधा एखाद्या राजाच्या फर्मानापासून अथवा कायदेमंडळाच्या ठरावापासून सुरू होतात. परंतु फिनलंडचे हवाई दल आपली स्थापना ज्या ६ मार्च १९१८ या दिवसापासून मोजते, त्या दिवशी असे कोणतेही फर्मान निघाले नव्हते की कोठल्या सभागृहात हात वर झाले नव्हते. शेजारच्या स्वीडनमधून, तेथील सरकारच्या परवान्यावाचून, देणगीदाखल मिळालेले एक विमान त्या दिवशी व्हासा या किनाऱ्यावरील गावी येऊन उतरले, आणि ते घेऊन येणाऱ्या वैमानिकास पुढे विनापरवाना देश सोडल्याबद्दल शंभर क्राउन दंड झाला. एवढ्याच घटनेवर या संस्थेची जन्मतिथी उभी आहे. जगातील पहिले स्वतंत्र हवाई दल म्हणून ज्याची ख्याती आहे, ते ब्रिटनचे रॉयल एअर फोर्स १ एप्रिल १९१८ रोजी अस्तित्वात आले. म्हणजे जेमतेम तीस लाख वस्तीच्या, स्वातंत्र्य मिळून तीनच महिने झालेल्या आणि अंतर्गत यादवीने होरपळत असलेल्या एका राष्ट्राने वयाच्या बाबतीत तरी त्या बलाढ्य साम्राज्यावर मात केली, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र ही वडीलकी कालगणनेपुरतीच होती. ती खऱ्या अर्थाने पदरी पाडून घेण्यास पुढे वीस-बावीस वर्षे खपावे लागले, आणि त्या खटपटीचा वृत्तान्त येथे सांगावयाचा आहे.

यादवीतील जन्म

सुमारे सहा शतके स्वीडनच्या अमलाखाली आणि १८०९ पासून रशियाच्या झारच्या छत्राखाली राहिलेल्या फिनलंडने ६ डिसेंबर १९१७ रोजी आपले स्वातंत्र्य जाहीर केले. परंतु नव्या राज्याची घडी बसण्यापूर्वीच, १९१८ च्या जानेवारीत, देश दुभंगला. हेलसिंकी राजधानीसह दक्षिणेकडील औद्योगिक मुलूख ‘लाल’ पक्षाच्या हाती गेला, तर सिनेटच्या बाजूच्या ‘श्वेत’ पक्षाने उत्तरेकडे व्हासा येथे आपले ठाणे मांडून झारच्या सैन्यातील एकेकाळचे सेनापती कार्ल गुस्ताफ मानरहाइम यांच्या हाती सैन्याची सूत्रे दिली. या सैन्यापाशी शेतकरी होते, शिकारी होते, जर्मनीत गुप्तपणे लष्करी शिक्षण घेऊन परतलेले तरुण ‘येगर’ही होते, विमान मात्र एकही नव्हते, आणि विमान चालवू शकणारी माणसे तर त्याहून दुर्मिळ होती.

ही उणीव प्रथम भरून काढली ती बोथनियाच्या आखातापलीकडील स्वीडिश सहानुभूतिदारांनी. त्यांनी वर्गणीतून घेतलेले अल्बाट्रॉस पद्धतीचे एक विमान जॉन-अॅलन हायगर्थ या स्वीडिश वैमानिकाने २५ फेब्रुवारी १९१८ रोजी फिनलंडकडे आणले. परंतु वाटेत इंजिन बिघडल्यामुळे त्याला याकोबस्टाड येथे जबरीने उतरावे लागले, आणि कदाचित त्यामुळेच पहिलेपणाचा मान इतिहासाने त्याच्या पदरात टाकला नाही. तो मान मिळाला काउंट एरिक फॉन रोझेन यांच्या विमानाला. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या खंडांत संशोधनार्थ प्रवास केलेल्या या धनाढ्य स्वीडिश सरदाराने थुलिन कंपनीचे ‘डी’ जातीचे एक विमान, म्हणजे फ्रेंच मोरान विमानाची स्वीडनमध्ये बांधलेली प्रतिकृती, फिनिश श्वेत सरकारास भेट दिले. पंख धडाच्या वर छत्रीसारखे बसविलेले हे हलके यंत्र लेफ्टनंट निल्स किंडबर्ग याने चालविले, आणि स्वतः काउंट प्रवासी म्हणून त्याच्या मागे बसून आखात ओलांडून आले. त्या विमानास ‘एफ-१’ हा क्रमांक मिळाला. १० मार्च रोजी हायगर्थ यांच्याकडे या नव्या शाखेचे आधिपत्य सोपविण्यात आले. म्हणजे पहिले विमान स्वीडिश, ते चालविणारा स्वीडिश, आणि पहिला सेनानीही स्वीडिशच, अशी या राष्ट्रीय दलाची आरंभीची शिबंदी होती.

निळे स्वस्तिक

रोझेन यांच्या विमानाच्या पंखांवर निळ्या रंगाचे स्वस्तिक काढलेले होते. शाळकरी वयात गॉटलंड बेटावरील प्राचीन शिलालेखांवर पाहिलेले हे चिन्ह ते आपले शुभचिन्ह म्हणून वापरीत असत. आणि मानरहाइम यांच्या हुकुमाने १८ मार्च १९१८ रोजी तेच पांढऱ्या पार्श्वभूमीवर निळ्या रंगात हवाई दलाचे अधिकृत चिन्ह ठरले. ज्या समाजात हे चिन्ह कुंकवाने उंबरठ्यावर आणि चोपडीच्या पहिल्या पानावर काढले जाते, त्या समाजातील वाचकास या प्रसंगी विशेष कुतूहल वाटल्यास नवल नाही. येथे एवढे ध्यानात घेतले पाहिजे की, जर्मनीतील नाझी पक्षाने आपले चिन्ह १९२० साली स्वीकारले, तेव्हा फिनलंडची विमाने दोन वर्षांपासून आपले निळे स्वस्तिक मिरवीत होती. एकाचा उगम दुसऱ्यात नव्हता. तथापि इतिहासकाराने अर्धेच सत्य सांगून थांबणे योग्य नव्हे. रोझेन यांची मेहुणी कारिन ही पुढे नाझी पुढारी हेरमान गोरिंगची पत्नी झाली, आणि स्वतः काउंटही उत्तरायुष्यात स्वीडनमधील नाझी विचारांच्या चळवळीकडे वळले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ साली, फिनलंडच्या विमानांवरून स्वस्तिक उतरविण्यात आले आणि त्याच्या जागी निळ्या-पांढऱ्या वर्तुळांची साधी मुद्रा आली. तीच आजतागायत चालू आहे.

लूट, देणगी आणि पहिला तळ

या दलाचा पहिला तळ थाटला गेला तो कोल्हो येथे, एका सरोवराच्या काठी. तेथे एकाच वेळी तीन विमाने ठेवण्याची सोय होती. पहिले विमान ७ मार्च रोजी रेल्वेच्या वाघिणीतून आले आणि १७ मार्चला त्याने तेथून पहिले उड्डाण केले. हिवाळ्यात गोठून टणक झालेले सरोवराचे पृष्ठ हीच धावपट्टी, चाकांच्या जागी लाकडी स्की, आणि आसपासच्या वस्तीत मिळेल तो आसरा, अशा अवस्थेत ताम्पेरेच्या लढाईच्या सुमारास या दलाने टेहळणीचे पहिले धडे गिरविले. लाल पक्षाकडेही रशियन वैमानिकांनी चालविलेली थोडी विमाने होती. परंतु या युद्धाचा निकाल आकाशात नव्हे, तर जमिनीवरच लागला. दरम्यान हायगर्थ यांचे आधिपत्य अल्पावधीतच संपले आणि एप्रिलच्या अखेरीस कार्ल झेबर या जर्मन कप्तानाकडे दलाची सूत्रे आली.

मे महिन्यात यादवी संपली, तेव्हा या दलापाशी सुमारे चाळीस विमाने जमली होती. पण ती पाहता त्यांना दल म्हणण्यापेक्षा जुन्या बाजारातील ढीग म्हणणेच अधिक शोभले असते. काही स्वीडनची देणगी, काही जर्मनीकडून मिळालेली, काही रशियन नौदल माघारी जाताना किनाऱ्यावरील ठाण्यांत सोडून गेलेली ‘एम-९’ जातीची उडती जहाजे, असा तो संमिश्र सरंजाम होता. एकाचे सुटे भाग दुसऱ्यास चालत नसत, एका इंजिनाचा जाणकार दुसऱ्यापुढे अनभिज्ञ ठरे, आणि कागदोपत्री मोजलेल्या विमानांपैकी प्रत्यक्ष उडण्याजोगी फारच थोडी असत. दुसऱ्याच्या औदार्यावर आणि पराभूताच्या लुटीवर उभारलेल्या दलाचे सामर्थ्य किती तकलुपी असते, याचा हा पहिला धडा होता.

परकीय मसलती

१९१८ च्या नोव्हेंबरात जर्मनीचा पराभव झाला आणि त्याबरोबरच फिनलंडच्या धोरणाचे तोंडही बदलले. दोस्त राष्ट्रांची मान्यता मिळविणे ही नव्या प्रजासत्ताकाची निकड होती. तदनुसार १९१९ मध्ये फ्रेंच लष्करी वैमानिकांचे मंडळ हेलसिंकीत दाखल झाले, आणि त्याच्याबरोबर ब्रेगे-१४ जातीची विमाने व जॉर्ज लेव्ही बनावटीची उडती जहाजेही आली. फ्रेंचांनी संघटनेचा आणि शिक्षणाचा पाया घातला, यात शंका नाही. पण त्यांच्या सल्ल्यामागे फ्रेंच कारखान्यांचा माल खपविण्याची इच्छाही असे, हे फिन अधिकाऱ्यांच्या हळूहळू ध्यानात येऊ लागले.

याच काळात या दलावर एक दारुण आघात झाला. इटलीतून विकत घेतलेली दोन सॅव्हॉया जातीची उडती जहाजे हवाई मार्गाने मायदेशी नेली जात असता ७ सप्टेंबर १९२० रोजी स्वित्झर्लंडमधील आल्प्स पर्वतात कोसळली, आणि तीन फिन व एक इटालियन असे चौघेही दगावले. शत्रूशी गाठ पडण्यापूर्वीच, केवळ विमाने घरी आणण्याच्या कामी, प्रशिक्षित माणसे गमवावी लागणे ही मोजक्याच वैमानिकांच्या दलास न पेलणारी हानी होती. तेव्हापासून ७ सप्टेंबर हा दिवस फिनलंडमध्ये कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या वैमानिकांचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो.

त्याच १९२० सालापासून १९२६ पर्यंत दलाचे आधिपत्य अर्ने सोमरसालो यांच्याकडे होते. जर्मनीत ‘येगर’ म्हणून शिकून आलेल्या या करारी अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत दलाला शिस्त आली. आणि १९२४-२५ मध्ये जनरल वॉल्टर कर्क यांच्या अध्यक्षतेखालील ब्रिटिश तज्ञमंडळाने देशाच्या एकंदर संरक्षणव्यवस्थेची पाहणी केली. स्वीडन, जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन असे चार देश सात-आठ वर्षांत आळीपाळीने या दलाचे गुरू झाले. प्रत्येकाची परिभाषा निराळी, प्रत्येकाच्या विमानांची बनावट निराळी. या साऱ्यांतून आपल्याला कोणते मानवते हे ठरविण्याची वेळ आता स्वतः फिन अधिकाऱ्यांवर आली होती.

सागरी किल्ल्यातील कारखाना

हा निर्णय प्रथम कारखान्याच्या रूपाने प्रकट झाला. हेलसिंकीच्या बंदरासमोर, स्वीडिश अमदानीत १७४८ पासून बांधलेल्या सुओमेनलिना या सागरी किल्ल्यात, १९२१ साली हवाई दलाचा स्वतःचा विमान कारखाना सुरू झाला. तेथे प्रथम हाती घेतलेले काम मोठे चतुराईचे होते. जर्मनीच्या हान्सा-ब्रांडेनबुर्ग कंपनीच्या दोन आसनी जलविमानाचे हक्क मिळवून, त्यात ३०० अश्वशक्तीचे इटालियन फिएट इंजिन बसवून, ‘ए-२२ हान्सा’ या नावाने त्याची बांधणी करण्यात आली. पहिल्या विमानाने ४ नोव्हेंबर १९२२ रोजी उड्डाण केले, आणि पुढील चार वर्षांत अशी १२० विमाने या किल्ल्यातून बाहेर पडली.

जलविमानाचीच निवड का झाली, याचे उत्तर फिनलंडच्या नकाशात आहे. हजारो सरोवरांनी चाळणी झालेल्या आणि उरलेल्या भागावर अरण्याने छत्र धरलेल्या या देशात तयार विमानतळ जवळजवळ नव्हतेच. पण उन्हाळ्यात कोणतेही सरोवर हा विमानतळ होता, आणि हिवाळ्यात तरंडे काढून स्की बसविले की तेच गोठलेले सरोवर पुन्हा विमानतळ ठरे. अडचण येई ती शरदात आणि वसंतात; बर्फ धड वजन पेलत नाही आणि धड वितळतही नाही, अशा त्या आठवड्यांत तरंडेही निरुपयोगी आणि स्कीही निरुपयोगी, म्हणून उड्डाणे ठप्प होत. शिवाय तरंड्यांच्या ओझ्याने मंदावलेले विमान शत्रूच्या चपळ विमानाशी झुंजण्यास असमर्थ असे. म्हणून पुढील दशकात विमानतळ बांधून चाकांच्या लढाऊ विमानांकडे वळणे अपरिहार्य झाले. परंतु हान्साच्या बांधणीवर ज्या सुतारांचे, जोडाऱ्यांचे आणि आराखडे काढणाऱ्या तंत्रज्ञांचे हात तयार झाले, ते हात या संक्रमणात वाया गेले नाहीत.

या कारखान्याची प्रत्येक धडपड सफल झाली, असे मात्र नाही. कुर्ट बर्गर यांनी रेखिलेले ‘हाउक्का’ हे स्वदेशी लढाऊ विमान १९२७ साली उडाले, पण दलाने ते पसंत केले नाही. त्याऐवजी ब्रिटिश ग्लॉस्टर गेमकॉक विमानाचे हक्क घेऊन त्याची १५ विमाने बांधण्यात आली. दुसरीकडे बर्गर आणि आसेर यार्विनेन यांनी तयार केलेले ‘सॅस्की’, म्हणजे डास, हे छोटेखानी शिकाऊ विमान १९२८ साली उडाले आणि शिकाऊ वैमानिकांच्या चांगलेच उपयोगी पडले. ब्लॅकबर्न रिपन या ब्रिटिश विमानांचीही येथे बांधणी झाली. १९२८ साली या संस्थेचे ‘शासकीय विमान कारखाना’ असे नामांतर झाले, आणि १९३६ मध्ये ती उघड्या किनाऱ्यावरून अंतर्भागातील ताम्पेरे येथे हलविण्यात आली.

शाळा आणि स्वायत्तता

१९२८ हेच साल आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी हवाई दल हे भूदल आणि नौदल यांच्या बरोबरीची स्वतंत्र शाखा म्हणून मान्य झाले. तोपर्यंत विमान हे भूदलाची टेहळणी करणारे अथवा नौदलाच्या तोफांना लक्ष्य दाखविणारे साधन, एवढाच त्याचा अधिकार मानण्याकडे वरिष्ठांचा कल होता. दुसऱ्याच वर्षी, १९२९ मध्ये, पश्चिमेकडील सपाट शेतीच्या मुलखात, कौहावा येथे उड्डाणशाळा थाटण्यात आली. आणि पुढे ८५ वर्षे, २०१४ अखेरपर्यंत, फिनलंडचे लष्करी वैमानिक तेथेच घडत राहिले. अनेक संस्थांच्या इतिहासात वास्तूला जे महत्त्व मिळते, ते या दलाच्या बाबतीत या शाळेला दिले पाहिजे; कारण विमाने दर दहा वर्षांनी बदलली, परंतु गुरुशिष्यांची परंपरा अखंड राहिली.

तरुण अधिकाऱ्यांचा विचार

१९३२ साली यार्ल लुंडक्विस्ट यांनी दलाची सूत्रे हाती घेतली आणि तेरा वर्षे ती सांभाळली. त्यांच्या काळात १७ ब्रिस्टल बुलडॉग लढाऊ विमाने १९३५ साली आली. १९३६ मध्ये १८ ब्लेनहाइम बाँबफेकी विमाने ब्रिटनकडून आणि सात फोकर डी-२१ लढाऊ विमाने हॉलंडकडून मागविण्यात आली, आणि पाठोपाठ आणखी ३५ फोकर ताम्पेरेच्या कारखान्यातच बांधण्यात आली. ही खरेदी देशाच्या गरजेच्या मानाने तुटपुंजी होती. खजिन्याची चावी ज्यांच्या हाती होती, त्या लोकप्रतिनिधींना विमानांपेक्षा शाळा आणि शेती अधिक तातडीची वाटत असे, आणि शांततेच्या काळात त्यांना त्याबद्दल सर्वस्वी दोष देता येणार नाही.

खरी क्रांती पैशाने नव्हे, विचाराने घडली. उट्टी येथील लढाऊ पथकांत रिचर्ड लोरेंट्झ आणि गुस्ताफ एरिक मॅग्नुसन यांसारख्या अधिकाऱ्यांनी तिशीच्या दशकाच्या मध्यास एक साधा प्रश्न विचारला : सर्व मोठ्या हवाई दलांत तीन विमाने एकमेकांना खेटून, बाणाच्या टोकाप्रमाणे उडतात, पण त्या रचनेत वैमानिकाचे अर्धे लक्ष शेजाऱ्याच्या पंखाला धक्का न लावण्यातच खर्च होत असेल, तर शत्रूवर नजर ठेवावयाची कोणी? तेव्हा त्यांनी मोकळ्या अंतराने उडणाऱ्या दोन विमानांची जोडी हे एकक ठरविले, आणि अशा दोन जोड्यांचा चौघांचा मेळ ही लढाईतील रचना. पुढे जर्मनांनी स्पेनमधील युद्धाच्या अनुभवातून आणि ब्रिटिशांनी १९४० नंतर याच रचनेचा आश्रय केला. फिन अधिकारी तेथे स्वतंत्रपणे पोहोचले होते. याच्या जोडीला नेमबाजीचा कठोर सराव आणि शत्रूच्या अगदी जवळ जाऊनच गोळी झाडण्याचा दंडक आला. कारण दारूगोळा मोजका होता आणि विमाने त्याहून मोजकी.

कसोटी

३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएट सैन्याने सरहद्द ओलांडली आणि त्याच दिवशी हेलसिंकीवर बाँब पडले. दलापाशी त्या वेळी लढण्याजोगी शंभर-सव्वाशे विमाने होती. समोर एका महासत्तेचा अनेक पटींनी मोठा हवाई ताफा उभा होता. अग्रभागी होती ती फोकरे, चाके पोटात न घेता येणारी आणि वेगात मागे पडू लागलेली. पण ती अशा वैमानिकांच्या हाती होती, ज्यांनी या प्रसंगाचा पाठ आधीच गिरविला होता. ६ जानेवारी १९४० रोजी लेफ्टनंट योर्मा सार्वांतो यांनी सुमारे चार मिनिटांत सहा सोव्हिएट बाँबफेकी विमाने पाडली. आणि हा पराक्रम वैयक्तिक शौर्याचा असला तरी त्यामागे उट्टीच्या मैदानावरचा सराव, कौहावाची शाळा आणि ताम्पेरेच्या जोडाऱ्यांची कारागिरी उभी होती, हे विसरता येणार नाही.

या युद्धातही परकीय साहाय्य आले. स्वीडिश स्वयंसेवकांच्या पथकाने आपल्या ग्लॅडिएटर विमानांनिशी उत्तरेकडील लॅपलंडचे आकाश राखले. आणि ज्या काउंट रोझेन यांच्या भेटीने या दलाचा आरंभ झाला, त्यांचे पुत्र कार्ल गुस्ताफ फॉन रोझेन यांनीही एक डीसी-२ प्रवासी विमान मिळवून, त्यास बाँबफेकी विमानाचे रूप देऊन, फिनलंडच्या चाकरीत आणले. परंतु १९१८ आणि १९४० यांतील अंतर स्पष्ट आहे. पहिल्या वेळी देणगी हेच दल होते; दुसऱ्या वेळी देणगी स्वीकारून ती सत्कारणी लावू शकणारे दल आधीच उभे होते.

१२ मार्च १९४० रोजी तह झाला. फिनलंडला बराच मुलूख गमवावा लागला, पण स्वातंत्र्य राहिले. पुढे आणखी एक युद्ध होऊन १९४७ च्या पॅरिस तहाने या दलावर ६० लढाऊ विमाने आणि ३,००० माणसे अशी मर्यादा घातली; तरीही दल टिकले. आपल्याकडे ओझरच्या कारखान्यात ज्या मिग-२१ विमानांची बांधणी झाली, त्याच जातीची विमाने १९६३ पासून फिनलंडनेही उडविली, आणि ज्या राष्ट्राशी दोन युद्धे केली त्याच राष्ट्राकडून ती विकत घेतली.

फिनलंडच्या हवाई दलाचे बोधवाक्य ‘गुणवत्ता हेच आमचे सामर्थ्य’ या आशयाचे आहे. बोधवाक्ये पुष्कळदा शोभेची असतात. या दलाच्या बाबतीत ते त्याच्या पहिल्या बावीस वर्षांच्या जमाखर्चाचे सार आहे. विमाने भेट मिळतात, विकत मिळतात, प्रसंगी लुटीतही मिळतात. शाळा, कारखाना आणि स्वतः विचार करणारे अधिकारी मात्र प्रत्येक राष्ट्राला आपल्याच घरी घडवावे लागतात, आणि शांततेच्या काळातच घडवावे लागतात. हे काम वेळेवर केले, म्हणूनच एका छोट्या राष्ट्राच्या छोट्या हवाई दलास इतिहासात मानाचे स्थान मिळाले.